सांत्वनावर चालणारे खेळ

कापसाने सगळ्यांनाच रडवलेली ती वर्षं. यवतमाळच्या आमच्या साप्ताहिकात पहिल्या पानापासून सातव्या पानापर्यंत बोंडअळी, खरेदी केंद्रं आणि गेलेल्या शेतकऱ्यांच्या घरी पुढाऱ्यांच्या सांत्वन भेटी. संपादकसाहेबांना वाटलं, निदान आठवं पान तरी हलकंफुलकं असावं, तरुणांसाठी. कार्यालयात तरुण म्हणजे मी एकटा. आर्णीहून रोज एसटीने येणारा, बीएस्सी पास आणि बाकी काहीच न जमणारा. मला व्हिडिओ गेमचं सदर मिळालं: कोणत्या कन्सोलवर कोणता नवा खेळ आलाय आणि तो खेळण्याजोगा आहे की नाही.

कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र. या विषयातला माझा अधिकार दांडगा होता. बसस्टँडमागच्या गेम पार्लरमध्ये दोन यंत्रं होती, त्यातल्या एकाचं बटण दाबलं की चिकटूनच बसायचं. जगात नवा म्हणून निघालेला खेळ आमच्याकडे पोचेपर्यंत त्याचं बारसं होऊन लग्नाची बोलणी सुरू झालेली असत. म्हणून मी नागपूरच्या एका दुकानदाराला फोन करायचो, तो डब्यावरचा मजकूर वाचून दाखवायचा आणि मी जाणकाराच्या थाटात लिहायचो. एका खेळात शेती होती. बी पेरलं की चार दिवसांत पीक, आणि संध्याकाळी व्यापारी स्वतः येऊन माल उचलून नेणार. तो मी 'जादूचे व अद्भुत खेळ' या गटात टाकला.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण आमच्याकडे गुरुजी होते. मराठीचे निवृत्त शिक्षक, मुद्रितं तपासायचे. इंग्रजी शब्द दिसला की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एका आठवड्यात मी लग्नाला गेलो आणि माझा मजकूर त्यांच्या तावडीत सापडला. त्यांनी शब्दकोश उघडला. कन्सोल: सांत्वन करणे. झालं!

अंकात मथळा आला, 'निरनिराळ्या सांत्वनांवर खेळण्याजोगे नवे खेळ'. खाली मजकूर: 'सांत्वन टीव्हीला जोडल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. नवे सांत्वन महाग असले तरी चित्र झकास येते. जुने सांत्वन टाकून देऊ नका, धूळ झटकली की पुन्हा चालते.'

मी भांडलो. गुरुजी शांतपणे म्हणाले, "कोशात आहे तेच घातलं. तुला मराठी येत नाही, त्याला मी काय करू?"

चहाच्या टपऱ्यांवर लोक ते मोठ्याने वाचून हसत होते. दोन पुढाऱ्यांचे रागाचे फोन आले, म्हणून संपादकसाहेब खूश. जळत होतो तो मी. नागपूरच्या दुकानदाराने नवंकोरं यंत्र, नव्या खेळांसकट, महिनाभर वापरायला पाठवायचं कबूल केलं होतं. अंक पाहून तो म्हणाला, "पहले गलती सुधारो, फिर मशीन." जन्मात पहिल्यांदा नवा खेळ नवा असताना खेळायला मिळणार होता. मी लगेच चूकदुरुस्ती लिहिली: 'सांत्वन' या शब्दाऐवजी सर्वत्र 'यंत्र' असे वाचावे.

ती छापायला द्यायची त्याच दुपारी केळापूरकडची एक बाई कार्यालयात आली. चाळिशीच्या आसपासची. हातात आमच्या अंकाचं आठवं पान.

"हे लिवनारे तुमीच काय, भाऊ?"

मी हो म्हणालो. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"आमच्या घरचे गेले तवापासून तीन सांत्वनं येऊन गेली. गाडीतून आदी टीव्हीवालेच उतरले. मले म्हने, आता नोका रडू, साहेब आले का मंग रडा. पोरीनं तुमचं वाचून दाखवलं अन् मी हासलो. लय दिवसानं हासलो. सासू म्हने, येडी झाली." मग तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "पन आमच्या गावचे मास्तर म्हनते, हे चुकून छापलं. खरं काय?"

चूकदुरुस्तीचा कागद माझ्या हाताखालीच होता. गुरुजी चष्म्यावरून बघत होते. त्या यंत्राची मला हाव होती, खोटं कशाला बोलू? आणि तिच्यासमोर मेल्याहून मेल्यासारखंही झालं, कारण सांत्वन भेटींच्या बातम्यांना मथळे मीच लावायचो. 'साहेबांनी अश्रू पुसले' हा माझा आवडता.

"नाही ताई," मी म्हणालो, "चुकून नाही. तसंच लिवायचं होतं."

गुरुजींनी हात पुढे करून तो कागद माझ्याकडून घेतला आणि आपल्या खणात टाकला. यंत्र अर्थातच कधी आलं नाही.

बाईने पानाची घडी करून पिशवीत ठेवली आणि ती उठली.

"मंग येक काम करा, भाऊ. आता कोन साहेब कवा येनार हाय, ते आदी छापत जा."

"कायले?"

"त्या दिवशी मी वावरात निंगून जाईन."