पेपर वाचला असं समजू

"मॅडम, तुमचा पेपर वाचला असं समजू," अध्यक्ष म्हणाले.

मी माईकसमोर उभी होते. हातात कागद. "सन्माननीय व्यासपीठ" एवढंच म्हणून झालेलं. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, मग खिडकीतनं बाहेर लागलेल्या गाड्या बघितल्या. पाहुण्यांना देवीच्या अभिषेकाला पोचायचं होतं. पेपर पुस्तकात छापून येणारच आहे, म्हणाले. आणि प्रमाणपत्र माझ्यापुढं धरलं. फोटोवाला म्हणाला, "इकडं बघा." टाळ्या वाजल्या. मी खाली उतरले.

तुळजापूरला चर्चासत्र ठेवलं की पाहुणे नाही म्हणत नाहीत. एका खेपेत पेपर होतो, दर्शनही होतं. आमच्या कॉलेजात तपासणीला समिती येणार होती, तिला दाखवायला राष्ट्रीय चर्चासत्र पाहिजे होतं. प्राध्यापकांना बढतीसाठी प्रमाणपत्र पाहिजे होतं. पुढाऱ्यांना व्यासपीठ. ऐकायचं कुणालाच नव्हतं. मला मात्र वाटलेलं, पेपर वाचायचा म्हणजे लोक ऐकत्यात. किती येडी मी!

मी तिथं तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे तास घेतला तर मास्तरीण, नाहीतर कुणीच नाही. चर्चासत्राचा विषय होता 'भटक्या समाजातील स्त्रिया'. मी धनगराची पोर. भूम तालुक्याकडची. आमची मेंढरं, आमचं बिऱ्हाड घोड्यावर. त्या हॉलमध्ये या विषयातली मी एकटीच असणार. आणि सकाळपासनं मला काम काय, तर सत्काराचं ताट धरायचं. शाली, नारळ, गुच्छ. "मॅडम, साडी नेसून या," आमच्या विभागप्रमुख सरांनी आदल्या दिवशीच सांगितलेलं. प्रमुख पाहुणे बोलायला उठले. वंचित स्त्रीचा आवाज ऐकला पाहिजे, म्हणाले. लई बोलले. मी त्यांच्या मागं ताट धरून उभी.

शेवटच्या ओळीत आई बसलेली. गावाकडनं पहाटेची एसटी धरून आलेली. तिला म्हणलं, आधी देवीला जाऊन ये, माझा नंबर दुपारनंतर हाय. तर म्हणाली, "देवी कुटं जातीय? आधी तुजं ऐकते."

कारण पेपर तिचाच होता.

शेतात मेंढरं बसवायची आमची रीत. रात्रभर मेंढरं रानात बसली की लेंड्यांचं खत होतं. शेतकरी बोलावून नेतात, त्याच्या बदल्यात धान्य देतात. मी जन्मायच्या आधी असंच एका बड्या शेतकऱ्याच्या रानात बिऱ्हाड उतरलेलं. पाऊस लागलेला. आईच्या पोटात दुखायला लागलं. शेतमालक आला आणि बापाला म्हणाला, "मेंढरं राहू दे. बाईला बांधाच्या बाहेर काढ. माझ्या रानात विटाळ नको."

मेंढरांची लेंडी चालत होती. आई चालत नव्हती.

बांधापलीकडं, बाभळीखाली, चिखलात आई बाळंत झाली. मुलगी होती. माझी थोरली बहीण. उजाडायच्या आत गेली. आईनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मी पेपरासाठी इचारत बसले तेव्हा एका दुपारी भाकरी थापता थापता सांगून टाकलं. पीठ हाताला तसंच. मग म्हणाली, "लिव्ह. पर नुसतं लिवू नगंस. चार शिकल्याल्या मानसांत तोंडानं सांग. त्यास्नी कळू दे."

मी व्हय म्हणलेलं.

हॉल भराभरा मोकळा झाला. आई गेटपाशी उभी होती. डोळे पुसत होती आणि हसत होती. मला जवळ घेतलं.

"लई बेस झालं बग. सांगितलंस न्हवं त्या बांधाचं? मला मागं माईकचं काय कळंना, म्होरं समदी मानसं उठल्याली. पर टाळ्या वाजल्या की."

खोटं बोलले असते तर ती सुखानं गावाकडं गेली असती. जमलंच नाही.

"न्हाय आये. वाचू दिलं न्हाय."

तिनं माझ्या हातातल्या प्रमाणपत्राकडं बघितलं.

"मग टाळ्या कशाच्या गं?"

अंगाची नुसती लाही झाली. तशीच माघारी गेले. आमचे विभागप्रमुख सर पाहुण्यांच्या गाडीपाशी प्रसादाच्या पिशव्या ठेवत होते. मी प्रमाणपत्र पुढं केलं.

"सर, हे परत घ्या. मी वाचलेलं नाही."

"अहो मॅडम, सगळ्यांचंच असं असतं. कशाला डोक्यात राख घालून घेता?"

"तुम्ही खोटं लिहून दिलंय, सर."

सर जवळ आले, हळू बोलले, "पुढच्या वर्षी तास पाहिजेत ना?"

मी कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि निघाले. कुणी थांबवलं नाही. गाड्या देवळाकडं गेल्या. मी आणि आई स्टँडवर बसलो.

जूनमध्ये मला तास दिले नाहीत. चर्चासत्राचं पुस्तक मात्र आलं. जाड, गुळगुळीत. माझ्या पेपरावर पहिलं नाव सरांचं, दुसरं माझं. आत आई कुठंच नाही. 'एका निवेदक स्त्रीने' असं केलेलं. आणि शेतमालकाचं मी आडनावासकट लिहिलेलं नाव काढून 'एका स्थानिक शेतकऱ्याने'. फोन केला तर सर म्हणाले, "वाद कशाला? त्यांचे नातेवाईक आपल्या संस्थेवर आहेत."

म्हणजे त्या दिवशी वाचू दिलं असतं तरी एवढंच वाचू दिलं असतं.

आता लोहाऱ्याकडच्या एका कॉलेजात चर्चासत्र आहे. विषय तसाच कायतरी. मी पेपर पाठवलाय. माझ्या एकटीच्या नावानं. तिथंही भाषणं लांबतील, शेवटी दोन मिनिटं देतील, निष्कर्ष सांगा म्हणतील. मला माहीत आहे. तिथनंही हाकलतील, मग तिसरीकडं जाईन. आईला सोबत नेणार नाही. तिला पुन्हा मागच्या ओळीत बसवणार नाही.

प्रस्तावना नाही, संदर्भ नाहीत, व्यासपीठाला नमस्कार नाही. उभी राहिले की पहिला शब्द त्या शेतमालकाचं नाव. पूर्ण, गावासकट. दुसरं माझ्या आईचं. इथं दोन्ही लिहीत नाही. लिहिलेलं ते खोडतात. तोंडानं घेणार.