पिंढऱ्यांतली वळवळ

झोप उडाली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. कर्नाटकातल्या आळंद तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात, मराठी शाळेत चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. अंथरुणाला पाठ टेकली की पिंढऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागायचं. दुखणं नव्हतं, मुंग्याही नव्हत्या. पाय हलवला की थांबायचं, ठेवला की पुन्हा सुरू. असे सात महिने गेले.

उपाय सगळे झाले. जावेनं खसखस वाटून दुधात दिली. मालकांनी कलबुर्गीहून मॅग्नेशियमच्या गोळ्या आणल्या. पुतण्यानं मोबाईलवर वाचून ड जीवनसत्त्वाच्या पुड्या, बी कॉम्प्लेक्स आणि कॅल्शियम सुचवलं. मी सगळं एकदम चहासोबत गिळायचे. डबीत नवीन गोळी पडली की वाटायचं, हीच लागू पडणार. चार दिवसांत तीही आशा संपायची.

"आता आणि काय आणू, सांग," एकदा मालक म्हणाले. "तू झोपत न्हाईस, मलाबी झोपू देईनास."

चिडून नव्हे, थकून म्हणाले. मला मात्र वाटलं, आता हेही सुटले हातातून. त्या दिवसांत शाळेच्या विहिरीजवळून जाताना मी मुद्दाम लांबून जायचे. कामून, ते मी कुणालाच सांगितलं नाही.

एका दुपारी पाढे चालू असताना पहिल्या ओळीतली एक पोरगी खुदकन हसली. माझा डोळा लागला होता आणि मान कलली होती, म्हणून हसली होती. मी उठले आणि तिच्या कानफटात मारली. एकवीस वर्षांच्या नोकरीत मी कुठल्याच लेकरावर हात उचलला नव्हता. ती रडलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. ती गावातली आशा कार्यकर्ती. आता भांडण होणार, म्हणून मी उभी राहिले.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "झोप यायली न्हाई मला. डोकं ठिकाणावर न्हाई."

ती जवळ आली आणि अंगठ्यानं माझ्या डोळ्याखालची कातडी ओढून बघितली.

"बाई, आत पांढरंफटक पडलंय. पाळी किती दिवस चालायलीय?"

"दहा-बारा. वयच आहे की आता."

"आणि जास्ती जातंय?"

मी मान हलवली. दोन वर्षं मी हे जावेलाही कळू दिलं नव्हतं. दिवसातून चार-चार वेळा कापडाच्या घड्या बदलायचे, शाळेत काळी साडी नेसायचे. त्या बाईसमोर मला एकदम रडू फुटलं.

शनिवारी तीच मला कलबुर्गीला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतली आणि कपाळाला हात लावला. "इत्ते गोळ्यां खाए, एक बार खून नै देखे?"

एवढ्या गोळ्या खाल्ल्या, पण रक्त एकदाही तपासलं नव्हतं; ते त्यांनी तपासलं. अंगातला लोहाचा साठा संपत आला होता. लोह कमी पडलं की कित्येकांचे पाय असे वळवळतात, असं त्यांनी समजावलं. वरून चहा आणि कॅल्शियममुळे जेवणातलं लोहही अंगाला नीट लागत नव्हतं. सोनोग्राफीत गर्भपिशवीला गाठ निघाली. सलाईनमधून लोह चढवलं, महिन्याभरानं गाठ काढली.

कलबुर्गीहून आल्यावर लगेचच्या सोमवारी मी सगळ्या वर्गासमोर त्या पोरीची माफी मागितली. ती "हूं" म्हणाली आणि मागच्या ओळीत जाऊन बसली. वर्षभर तिथंच बसली. मी तिला पुढं बोलावलं नाही, तेवढा हक्क माझ्याकडं उरला नव्हता.

पायांतली वळवळ एकाएकी गेली नाही. आधी तासभर झोप लागू लागली, मग दोन तास. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा मी चांगली उन्हं वर येईपर्यंत झोपले. जावेनं घाबरून नाकाशी बोट धरून बघितलं. आता दर काही महिन्यांनी रक्त तपासून घेते. अधूनमधून पिंढरीत बारीक काही हललं की काळजात धस्स होतं. मग मी उठते, मालकांना हलवते आणि सांगते. पूर्वीसारखी गप्प पडून राहत नाही.