बांधातली चिंबोरी

धरमतरच्या खाडीकाठी हिरामणसारखा भित्रा माणूस दुसरा नव्हता, आणि म्हणूनच गावानं त्याला बांधाची राखण दिली होती. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली, तरी हिरामणच्या जिवाला काही स्वस्थता नव्हती. बाहेर खारं पाणी, आत भाताची शेतं आणि मध्ये नुसता मातीचा बांध. लाटांचा मार बाहेरची तिवराची झाडं सोसायची. त्याला धास्ती चिंबोऱ्यांची, खाडीतल्या खेकड्यांची. चिंबोरी ओल्या मातीत बीळ करते. उधाणाचं पाणी त्यात शिरतं, जाताना माती घेऊन जातं, आणि बोटाएवढ्या भोकाची बघता बघता बैलगाडी जाईल एवढी खांड होते. मग शेतात मीठ उतरतं आणि दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायला नको.

म्हणून अमावास्या-पुनवेआधी तो बांधभर वाकून फिरे, बिळं चिखल-पेंढ्यानं बुजवून पायानं चोपी. बीळ उकरून चिंबोरी काढताना कोणी दिसलं, की असा ओरडे की बगळे उडत. चिंबोऱ्या धरणाऱ्या ठमाबाईला तर त्यानं दोनदा चारचौघांत झापलं होतं.

नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी त्याच्या गरोदर बायकोला, जनीला, चिंबोरीचं कालवण खावंसं वाटलं. तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. कोंडाजीच्या शेतासमोर बांधात एक जाडजूड चिंबोरी होती, हे हिरामणशिवाय कोणाला ठाऊक असणार? त्यानं लोखंडी आकडी घालून बीळ हातभर उकरलं, चिंबोरी ओढली आणि कोणी बघेल या भीतीनं वर चिखल नुसता थापला.

पुनवेला भर दुपारी पाणी चढलं. गाव नारळ वाहायला गेलं होतं. हिरामण मात्र त्या जागेपासून हलेना. बांधाच्या आतल्या अंगाला पाझर फुटला. पाणी निवळ असतं तर चाललं असतं, पण ते गढूळ होतं. आतून माती वाहत होती.

हाक मारावी तर चोरी कळणार. त्यानं पेंढा कोंबला, चिखल कोंबला, शेवटी पाय घातला. पाय मांडीपर्यंत आत गेला आणि पाणी दोन्ही बाजूंनी उसळलं. मग कसली लाज आणि कसलं काय!

"खांड! खांड गेली! धावा रं!"

माणसं धावली. खांड बुजली, पण तोवर कोंडाजीचं तरारलेलं भात खाऱ्या पाण्यात उभं होतं.

खांद्यापर्यंत चिखलानं माखलेल्या म्हाताऱ्या कोंडाजीनं मातीतल्या आकडीच्या खुणांकडं बोट दाखवून विचारलं, "चिंबोरी कोनी काढली रं हितली?"

सगळ्यांनी ठमाबाईकडं पाहिलं. ती बिचारी नाय नाय म्हणत मागं सरली.

"मीच काढली," हिरामण म्हणाला. "जनीसाठी."

कोंडाजीनं वळून आपल्या शेताकडं पाहिलं. मग म्हणाला, "पोटभर खाल्ली तरी का तिनं?"

हिरामणला रडू आवरेना. कालवणाच्या नुसत्या वासानंच जनीला उलटी झाली होती; चिंबोरी तशीच मडक्यात पडून होती.

"व्हय," तो म्हणाला. "पोटभर खाल्ली."