देवीसाठी सोडलेला शेंगदाणा

शेंगदाण्याचं कूट नसेल तर आम्हा मराठवाड्यातल्या बायकांचा हातच चालत नाही. भाजी पातळ झाली, टाका कूट. वांग्यात कूट, कारल्यात कूट, उपवासाच्या खिचडीत तर मूठमूठ कूट. आणि माझ्या पोटच्या पोरीला नेमका हाच दाणा विषासारखा. देवाला दुसरं काही सुचलं नाही का, असं मी आजही चिडून विचारते.

ती रांगत होती तेव्हा मुखेडच्या आमच्या घरात फरशीवर सांडलेला एक दाणा तिनं तोंडात घातला. ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. गावातल्या दवाखान्यात वेळेवर इंजेक्शन मिळालं म्हणून वाचली. पुढे नांदेडच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "ही ॲलर्जी आहे. दाणा, कूट, कुटाचा चमचासुद्धा हिच्या जेवणाला लागता कामा नये. पुढच्या खेपेला इतका वेळ मिळेलच असं नाही."

मला ते पटायला वेळ लागला नाही. माझं माहेर लातूरकडचं. भूकंपात घर पडलं आणि आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. माझा धाकटा भाऊ ताटातले दाणे वेचून बाजूला काढायचा, तोंड खाजतं म्हणायचा, आणि आई त्याला रागवायची. शेडमध्ये कुठला आलाय निवडानिवडीचा थाट! बाहेरगावाहून मदतीत आलेली शेंगदाण्याची चिक्की त्यानं भुकेपोटी खाल्ली, गळा धरला आणि आईच्या मांडीवरच जीव सोडला. "भूकंपानं धास्तावलं पोरगं," असं लोक म्हणाले. त्या दिवसांत कोण कशानं गेलं हे विचारायला कुणाला वेळ नव्हता. तो कशानं गेला हे मला नांदेडच्या त्या दवाखान्यात, मुलीला मांडीवर घेऊन बसलेली असताना कळलं.

म्हणून मी घरात शेंगदाणा बंद करा म्हटलं, तर सासूबाई हसल्या. "आमच्या सात पिढ्या शेंगा खाऊन वाढल्या. दाण्यानं कुणी मरतं व्हय? जरा जरा देत जा, सवय लागंल." आणि मी शाळेत शिकवायला गेले असताना त्यांनी खरंच नातीच्या वरणात चिमूटभर कूट कालवलं. पुन्हा दवाखाना, पुन्हा इंजेक्शन. त्यांचा जीव होता तिच्यावर, रात्रंदिवस रडल्या. पण कुटाचा डबा काही फळीवरून हलला नाही. त्यांच्या मते पोरीला नजर लागली होती.

बाहेर तरी वेगळं काय होतं? हॉटेलात वेटरला विचारावं, "भाजीत कूट आहे का?" तर तो खुशीत म्हणायचा, "हाय ना म्याडम, जादा टाकायला सांगू का?" तिच्या शाळेतल्या बाईंनी मलाच शिकवलं की मुलीला सगळ्यांत मिसळून डबा खाऊ द्या, एवढं जपणं बरं नाही. मी स्वतः शिक्षिका. पण या एका बाबतीत मला सगळे पहिलीतली पोर समजायचे.

दहावीला तिला भरघोस मार्क पडले आणि डॉक्टर व्हायचं म्हणून तिनं लातूरच्या क्लासचा हट्ट धरला. आमच्या भागात हुशार मूल आणि लातूर हे ठरलेलंच. क्लासच्या त्या गल्ल्यांमध्ये घराघरावर रूम भाड्यानं मिळण्याच्या पाट्या आणि घराघरात मेस. मी एकेका मेसमध्ये जाऊन हात जोडले. कुणी म्हणे दाणे निवडून काढू, कुणी म्हणे एवढ्या पोरींमध्ये एकीचं कुठं करत बसू. शेवटच्या मेसवाल्या काकू मनानं चांगल्या वाटल्या. त्यांना ॲलर्जी, गळा, इंजेक्शन, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, लई नाजूक करून ठेवलंय तुमी पोरीला. माझ्या हातचं खाल्लं की समदं पचंल."

तिथं माझं अवसान गळालं. आता कुणाचे पाय धरू, असं झालं. काकूंच्या ओट्यावर देवीचा फोटो होता. तो बघितला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, खरं सांगू का? माहूरच्या देवीला बोललोय आम्ही. मेडिकलला नंबर लागेपर्यंत हिनं शेंगदाणा सोडलाय."

काकूंचा चेहराच बदलला. "आसं हाय व्हय! मग आधी सांगायचं न्हाई का?"

त्या दिवसापासून माझ्या मुलीसाठी वेगळी कढई, वेगळा पळा, वेगळं ताट आलं. करडईचं तेलसुद्धा वेगळ्या बरणीत. दुसऱ्या पोरीनं तिच्या ताटाला हात लावला की काकू ओरडायच्या, "देवाचं हाय ते, बाजूला व्हा!" नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यातलं एकूण एक काकूंनी पाळलं. मी डॉक्टरांचं नाव घेऊन वर्षानुवर्षं घसा कोरडा केला तो वाया, आणि देवीचं नाव एकदा घेतलं तर सगळं जागच्या जागी. मला हसू यायचं आणि संतापही.

निकाल लागला. मुलीचा नंबर लागला. मी पहाटेच्या एसटीनं लातूर गाठलं. रूमवर सगळ्या पोरी नाचत होत्या. मी पेढ्यांचा पुडा सोडत होते, तेवढ्यात काकू धावत आल्या. हातात वाटी, डोळ्यांत पाणी. "देवी नवसाला पावली गं माझ्या बाईच्या! नेम सोड आता, माझ्याच हातानं सोड!" आणि हसणाऱ्या माझ्या लेकीच्या उघड्या तोंडात त्यांनी लाडू कोंबला. गूळ-दाण्याचा लाडू. खास तिच्यासाठी पहाटे उठून वळलेला.

नवस म्हटला की तो फिटतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिनं थुंकून टाकला, पण गळा धरलाच. तसाच, माझ्या भावानं धरला होता तसा. मी तिला रिक्षात घातलं. ती माझ्याकडे बघत होती आणि तिला बोलता येत नव्हतं. त्या रिक्षात मी देवीला, चिक्कीला, भूकंपाला, काकूंना, सगळ्यांना शिव्या घातल्या. दवाखान्यात इंजेक्शनावर इंजेक्शन झालं, आणि कितीतरी वेळानं तिचा श्वास नीट चालू लागला.

काकू दाराशी उकिडव्या बसून रडत होत्या. "माझंच चुकलं. माहूरला जाऊन नवस फेडायच्या आधीच घास दिला. देवी कोपली!"

मी किंचाळले, "नवस नव्हताच काकू! खोटं बोलले मी. तिला दाणा चालतच नाही, पहिल्या दिवशी सांगितलं होतं तुम्हाला!"

काकूंनी कानांवर हात ठेवले. "आसं बोलू नका ताई, आजून कोपंल."

मी भिंतीला डोकं टेकलं. तेव्हा पलंगावरून माझी मुलगी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "काकू, देवीला कळवते मी. आता जन्मभर सोडला."

"हाव माय," काकू हात जोडून म्हणाल्या, "जन्मभर."

तिला घेऊन मुखेडला आले तोवर सासूबाईंच्या कानावर सगळं गेलं होतं. देवी कोपली, एवढंच त्यांनी ऐकलं. मी पिशव्या खाली ठेवते न ठेवते तोच त्यांनी फळीवरचा कुटाचा डबा उचलला, अंगणात नेऊन मातीत उपडा केला, आणि विहिरीच्या पाण्यानं डबा घासत बसल्या. ज्यासाठी इतकी वर्षं भांडले ते समोर होत होतं, आणि मी उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडले. पत्र्याच्या शेडमध्ये माझा भाऊ नुसतं तोंड खाजतं म्हणत होता. त्याच्यासाठी कुणी देवीला काही बोललंच नव्हतं.