साहेबाचा मूळपुरुष

रियाधमधल्या माझ्या साहेबाला घराण्याचं वेड होतं. साहेब अमेरिकन, साठी ओलांडलेला, उंच आणि बोलायला गोड. पाण्याच्या पाइपलाइनीचा एक मोठा प्रकल्प त्याच्याकडे होता आणि मी त्याच्या हाताखाली प्लॅनिंग इंजिनिअर. निवृत्त झाल्यावर आपल्या मूळपुरुषाचा इतिहास लिहायचा असं त्याने ठरवलं होतं. लिहायच्या आधी तो आमच्यासमोर बोलून बघायचा. मीटिंग लवकर आटोपली की मी समजायचो, आता मूळपुरुष येणार.

हा मूळपुरुष इंग्लंडातल्या एका शेतमजुराचा मुलगा. अमेरिकेत गोऱ्यांची वस्ती नुकती कुठे बसत होती, तेव्हा हा पोरसवदा माणूस जहाजात चढला. भाड्याला पैसे नव्हते, म्हणून तिकडच्या एका तंबाखूवाल्या जमीनदाराकडे सात वर्षं राबायचं कबूल करून गेला. मधे सोडून जायचं नाही, विचारल्याशिवाय लग्न करायचं नाही, पळाला तर धरून आणणार. हे ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं, सरळ सांग ना, त्यालाही आमच्यासारखाच कफील होता, ज्याच्या परवानगीशिवाय इथे नोकरी सोडता येत नाही तसला मालक.

सात वर्षांनी तो सुटला. पुढे एका ओढ्याकाठी जमीन मिळाली. सगळं जंगल. तोडायला माणसं नाहीत, म्हणून तो झाडांची साल बुंध्याभोवती गोल सोलायचा. झाडं उभ्या उभ्या वाळायची, पानं गळायची, ऊन खाली यायचं, की त्या मेलेल्या झाडांच्या मधे मका लावायचा. पहिली बायको बाळंतपणात गेली. दुसरी आली. मुलं झाली, निम्मी गेली, उरलेल्यांनी शेत वाढवलं. साहेबाच्या आजोबांपर्यंत ते शेत घराण्यात होतं. साहेबाच्या मोबाइलवर मूळपुरुषाच्या थडग्यावरच्या झिजलेल्या दगडाचा फोटो होता, तो बघताना त्याचे डोळे खरंच भरून यायचे. खोटं कशाला बोलू?

पण त्या गोष्टीचा तो उपयोगही करायचा. साइटवरचे काही फिटर एकदा रजेचं विचारायला ऑफिसात आले. रत्नागिरी-गुहागरकडचे, कॅम्पात राहणारे. दोन वर्षं घरी गेले नव्हते आणि काम मागे पडलंय म्हणून त्यांची रजा पुढे ढकलली होती. साहेबाने त्यांना बसवलं, चहा मागवला आणि मूळपुरुष सांगितला. सात वर्षं तक्रारीचा शब्द नाही! मी एकेक वाक्य मराठीत सांगत होतो. सगळं ऐकून त्यांच्यातला वयाने मोठा फिटर म्हणाला, "त्याला सुटल्यावर जमीन मिळाली. आम्हाला काय मिळणार, ते विचारा की."

मी विचारलं. साहेब हसला, त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "छान प्रश्न आहे." रजा काही मिळाली नाही.

त्या वर्षी आई गेली. गावाकडे अण्णा, म्हणजे माझे वडील, धाकट्या भावाजवळ होते, पण जेवत नव्हते, कुणाशी बोलत नव्हते. म्हणून व्हिजिट व्हिसा काढून मी त्यांना रियाधला आणलं. जन्मभर शेती केलेला माणूस पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये काय करणार? खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या बघत बसायचे. माझी मुलगी त्यांच्याशी हिंदीत बोलायची आणि ते तिला मराठीत उत्तर द्यायचे. एकदा बिनड्रायव्हरच्या मेट्रोत बसवून आणलं, तर "चालवणारा कुठाय?" असं विचारून पूर्ण वेळ पुढच्या काचेकडे संशयाने बघत राहिले.

माझे वडील शेतकरी आहेत हे कळल्यावर साहेब खूश झाला. "मी पण शेतकऱ्यांच्या घरातला आहे. शुक्रवारी जेवायला घेऊन ये."

साहेब परदेशी लोकांच्या कंपाउंडमधल्या, म्हणजे बंदिस्त वसाहतीतल्या, एका व्हिलात एकटाच राहायचा. त्याने अंगणात कोंबडी भाजली, अण्णांना सावलीत खुर्ची दिली आणि सुरुवात केली. मी अण्णांना मराठीत सांगत होतो. अण्णा मन लावून ऐकत होते. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं जागं पाहिलं नव्हतं. साल सोलून झाडं मारायचं ऐकून ते म्हणाले, "आमच्याकडं बी बाभळीला तसंच करायचे." मग विचारलं, "मका कसा लावायचे? सरीत?"

साहेब खुर्चीत पुढे सरकला. "नाही, मातीचे ढिगारे करायचे. एकाच ढिगाऱ्यात मका, घेवडा आणि भोपळा. घेवडा मक्यावर चढतो, भोपळा जमीन झाकतो."

"ह्ये त्याला शिकवलं कुणी? त्यो तर तंबाखूवाल्याकडं होता."

मी विचारलं. साहेब म्हणाला, "तिथले मूळचे रहिवासी, रेड इंडियन. त्यांचीच पद्धत ती."

"म्हंजे तिथं माणसं होती," अण्णा म्हणाले. "मग ती कुठं गेली?"

"आजाराने बरीच मेली. उरलेले पश्चिमेकडे निघून गेले. माझे पूर्वज आले तेव्हा जमीन रिकामी होती."

अण्णांनी ताट बाजूला ठेवलं. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. ती गोष्ट मी लहानपणी तुकड्यातुकड्यांत ऐकली होती, सलग कधीच नाही.

आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात, डोंगरातल्या एका खोऱ्यात. अण्णा विशीत असताना ते धरणात गेलं. सरकारने आमच्या लोकांना खाली सांगलीकडे, धरणाचं पाणी जिथे जाणार होतं तिथे, जमिनी दिल्या. त्या जमिनी सरकारने तिथल्या शेतकऱ्यांकडून काढून घेतल्या होत्या. आम्ही गेलो तेव्हा त्या गावाने आम्हाला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. उभ्या ज्वारीत रात्रीतून जनावरं सोडली. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्या लेखी आम्ही चोर होतो.

"आमाला मिळाली ती जमीन एका म्हाताऱ्याची," अण्णा सांगत होते. "त्यो कधी भांडला न्हाई. पण दरसाल काढणीला यायचा. बांधावर बसायचा. सकाळी यायचा, दिवस कलला की उठायचा. बोलायचा न्हाई. माझा बाप म्हणायचा, जा, पाणी घिऊन जा. मी तांब्या न्यायचो. त्यो माझ्याकडं बघायचा, पण तांब्याला हात लावायचा न्हाई. मी बी मग तसाच उभा राहायचो. आठ-धा वर्सं आला. एका साली आला न्हाई, तवा समजलं, ग्येला."

मी एकही शब्द न गाळता इंग्रजीत सांगितलं. सांगताना माझा आवाज मलाच परका वाटत होता.

अण्णा म्हणाले, "त्यांना इचार, त्यांच्या त्या मूळपुरुषाच्या बांधावर असं कुणी यायचं का?"

मी विचारलं. साहेबाने तोंड पुसलं. "नाही," तो म्हणाला. "असं काही आमच्या घरात ऐकलेलं नाही." मग तो आत जाऊन आइस्क्रीम घेऊन आला, आणि नंतरचं बोलणं रियाधच्या उन्हाळ्यावर झालं. निघताना मात्र त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "तो म्हातारा दर वर्षी यायचा? काढणीच्याच वेळी?"

"हो."

"विलक्षण आहे," तो म्हणाला.

महिनाभराने साहेबाचा निरोपसमारंभ होता. कंपाउंडच्या क्लबहाउसमध्ये, गुरुवारी संध्याकाळी, सगळ्यांनी घरच्यांना घेऊन यायचं. अण्णांनाही त्याने आग्रहाने बोलावलं होतं. भाषणं झाली, केक कापला, आणि साहेब पडद्यावर फोटो दाखवत मूळपुरुषाचा इतिहास सांगू लागला. जहाज, सात वर्षं, ओढा, मेलेली झाडं. अण्णांना हे माहीत होतं, म्हणून मी फारसं सांगत नव्हतो. मग पडद्यावर पिवळ्या पडलेल्या मक्याचा फोटो आला.

"आमच्या घराण्यात," साहेब म्हणाला, "पिढ्यानपिढ्या एक गोष्ट सांगितली जाते. ज्या जमातीची ती जमीन होती, तिच्यातला एक वृद्ध दर वर्षी कापणीच्या वेळी यायचा आणि शेताच्या कडेला बसायचा. एक शब्द बोलायचा नाही. माझा पूर्वज आपल्या मुलाच्या हाती त्याला पाणी पाठवायचा. तो वृद्ध पाणी प्यायचा, ओंजळभर मातीवर शिंपडायचा आणि निघून जायचा. तो आम्हाला आशीर्वाद देत होता."

पुढे बसलेल्या एका बाईने डोळे टिपले.

"काय म्हणतोय?" अण्णांनी विचारलं.

त्यांना हे सांगायचं का, या विचारात मी अडकलो. पण ते माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं, साहेब बोलला होता तसं सगळं.

अण्णा उठले. कुणाला काही कळायच्या आत खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेले, साहेबासमोर उभे राहिले आणि मराठीत म्हणाले, "त्यो पाणी प्याला न्हाई."

लोक कौतुकाने हसले. त्यांना वाटलं, म्हातारा निरोप द्यायला आलाय. साहेबाने अण्णांचा हात हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतात ते?"

मी जागेवर उभा राहून मोठ्याने इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतात, तो म्हातारा पाणी प्यायला नाही. ही गोष्ट माझ्या वडिलांची आहे. आमच्या शेतावरची आहे."

साहेब क्षणभरही गडबडला नाही. "बघा," तो सगळ्यांना म्हणाला, "जगात कुठेही जा, शेतकऱ्यांच्या गोष्टी सारख्याच असतात. यांच्या गावात तो प्यायला नाही. आमच्याकडे प्यायला." आणि त्याने अण्णांना मिठी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा त्या मिठीत हात खाली सोडून उभे होते.

गाडीपाशी तो आम्हाला गाठायला आला. मला म्हणाला, "त्यांना वाईट वाटलं का? त्यांनी उलट अभिमान बाळगावा. माझी नातवंडं ही गोष्ट सांगतील."

"माझ्या वडिलांची म्हणून सांगतील का?"

तो थकल्यासारखा हसला. "इतकं मनाला लावून घेऊ नकोस. गोष्ट कुणा एकाची नसते." मग माझा हात दाबून तो परत आत गेला. आतून संगीत ऐकू येत होतं. अण्णांनी विचारलं, "काय बोलला?" मी सांगितलं. त्यांनी गाडीची काच वर केली.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं कर." व्हिसाचे दिवस शिल्लक होते, मुलगी रडली, बायकोने समजावलं. त्यांनी ऐकलं नाही. विमानतळावर मी म्हणालो, "अण्णा, चूक माझीच. मी तुम्हाला त्याच्याकडे न्यायलाच नको होतं." ते म्हणाले, "न्हाई रं. इतकी वर्सं मी ती गोष्ट कुणाला सांगितली न्हवती. सांगितली ती नेमकी त्याला."

गावी पोचल्यावर आठवड्याभरातच भावाचा फोन आला. अण्णा पलीकडच्या गावात गेले होते, त्या म्हाताऱ्याच्या घरी. इतक्या वर्षांत आमच्यातलं कुणी तिथे गेलं नव्हतं. भाऊ मोटरसायकलवरून घेऊन गेला होता. घरी म्हाताऱ्याचा नातू होता. त्याचं आता स्टँडजवळ मोबाइलचं दुकान आहे, वर स्लॅबचं घर. त्याने दोघांना बसवलं आणि काय काम आहे म्हणून विचारलं.

अण्णा म्हणाले, "तुमच्या आज्याची जमीन आमच्याकडं हाय."

"कुठली जमीन?" नातू म्हणाला.

अण्णांनी ओढा सांगितला, गट सांगितला, आजोबाचं नाव सांगितलं. त्या पोराला खरंच काही माहीत नव्हतं. त्याचा बाप मुंबईला गिरणीत होता, लवकर वारला, घरात या विषयावर कधी कुणी बोललं नव्हतं. त्याने थोडं सावध होऊन विचारलं, "काही कोर्टाचं लफडं आहे का?"

"न्हाई," अण्णा म्हणाले.

"मग?"

भाऊ म्हणतो, अण्णांना यावर काही सांगता आलं नाही. दुकान उघडायची वेळ झाली म्हणून तो मुलगा उठला, तेव्हा हेही उठले. येताना वाटेत अण्णांनी मोटरसायकल कुठेही थांबवायला लावली नाही. घरी आल्यावर शर्टसुद्धा न काढता पलंगावर आडवे झाले.

"अण्णा त्याला काय सांगायला गेले होते?" भावाने मला फोनवर विचारलं. माझ्या केबिनच्या काचेपलीकडे नवा साहेब कुणाला तरी काम समजावून सांगत होता. मी म्हणालो, मीटिंग आहे, नंतर बोलतो.