न दिलेली पावडर

आधी माफी मागते. माझं अक्षर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी उमगलं नाही. मुरगूडजवळच्या आमच्या गावात चौथीपर्यंत शिकले, मग धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिले. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मॅडमच्या शोकसभेत सगळे बोलले, मलाही बोला म्हणाले, तर मी खांबाआड जाऊन उभी राहिले. पण बोलायचं राहिलं ते आत टोचत राहिलंय, म्हणून लिहिते. कुणी वाचलंच तर चुका पोटात घालाव्यात.

त्या दिवशी सकाळी मी मॅडमच्याच स्वयंपाकघरात होते. दवाखान्यात न्यायला मऊ भात शिजवला होता, बिनमिठाचा. डब्याला झाकण लावत होते तेवढ्यात रेश्मा आली. रेश्मा गडहिंग्लजची, मॅडमच्या हाताखाली शिकली आणि आता त्यांच्याच विभागात शिकवते. एरवी दारातूनच "मावशी, चहा" म्हणणारी पोरगी, ती उंबऱ्यात नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "मावशी, डबा राहू दे." मला कळलं. तरी मी झाकण लावलंच, घट्ट लावलं, डबा पिशवीत ठेवला आणि पिशवी हातात घेऊन खाली बसले... पुढं कुणी उठवलं ते आठवत नाही.

मॅडम म्हणजे वसुधा मॅडम. कोल्हापुरात रसायनशास्त्र शिकवायच्या आणि साखरेच्या आजारावर नवं औषध शोधायच्या. घरात एकट्याच, भाऊ बेंगळुरूला. मी त्यांच्याकडं स्वयंपाकाला लागले तेव्हा पहिले कित्येक महिने आम्ही दोघी एकमेकींशी फारशा बोललोच नाही. त्याही कमी बोलणाऱ्या, मीही तशीच. प्रयोगशाळेतून आल्या की आधी अंघोळ, मग चहा, बिनसाखरेचा. त्यांना स्वतःलाच साखरेचा आजार होता, अगदी तरुणपणापासून.

एका उन्हाळ्यात मी त्यांच्या घरची चटणी करायला मिरच्या भाजत होते. डंकाच्या गिरणीत कुटायला न्यायच्या आधी मी धणे जरा जास्त घेतले, तर त्यांनी विचारलं की असं का. मी म्हटलं, मागच्या वर्षीची चटणी जहाल झाली होती, म्हणून बाकी सगळं तेच ठेवून एकच जिन्नस बदलला, म्हणजे फरक कशानं पडला ते कळतं. त्या एकदम हसल्या. म्हणाल्या, "शकू, मीही दिवसभर हेच करते गं. एक पावडर बनवायची, तिचा एकच कोपरा बदलायचा, बाकी सगळं तेच. मग बघायचं, साखर उतरते का. फक्त माझी चटणी उंदीर चाखतात." त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं.

त्यांच्या पावडरींना नावं नसत, नंबर असत. मी विचारलं तर म्हणाल्या, बारशाआधी पोराला कुणी नावानं हाक मारतं का? बहुतेक पोरं बारशापर्यंत टिकत नव्हती. सत्तावीस पाण्यात विरघळतच नाही, एकतिसाव्यानं उंदरांना काही फरकच पडला नाही, असं त्या जेवता जेवता सांगायच्या आणि मी शेजारच्या घरातली आजारपणं ऐकावीत तसं ऐकायची. मग अठ्ठेचाळीस नंबर आला. त्या संध्याकाळी त्या रंकाळ्यावरून भेळ घेऊन आल्या, मलाही बसवलं आणि म्हणाल्या, उंदरांची साखर उतरली, पाहिजे तेवढीच उतरली. त्यांचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. लग्न ठरलेल्या मुलीसारखा.

आमचे मालक गुळाच्या बाजारात हमाली करायचे. दिवसभर पाठीवर गुळाचे रवे, मोठाल्या ढेपाच त्या, पायात काही नाही आणि रक्तात साखर. सरकारी दवाखान्यातली गोळी आठवली तर घ्यायचे. एकदा पायात खिळा घुसला आणि ह्यांना पत्ताच नाही. मी रात्री पाय चेपताना हाताला लागला तेव्हा कळलं. हळद भरली, पाला बांधला, पण जखम काळी पडत गेली. दवाखान्यात चला म्हटलं की म्हणायचे, तिथं गेलं की पाय कापत्यात. आणि मग त्यांनीच मॅडमच्या पावडरीचा विषय काढला. "तुज्या म्याडमकडं औषध हाय की. उंदराला देतीया, मला न्हाय व्हय? उंदरापरीस बी माजी किंमत कमी?"

खरं तर मलाही तेच वाटत होतं. मॅडमच्या फडताळात स्टीलची एक लहान डबी असायची, तिच्यात पांढऱ्या गोळ्या. जेवायच्या आधी त्यातली एक त्या घ्यायच्या. त्या गोळ्या त्यांनी स्वतःच बनवलेल्या, अशी माझी खात्री होती. आमच्या गल्लीतसुद्धा सगळे तेच म्हणायचे. शेजारच्या आक्का तर म्हणाल्या, गवळी स्वतःच्या पोरांस्नी पाणी घातलेलं दूध पाजतो व्हय?

मी आयुष्यात कुणाकडं काही मागितलं नाही. त्या सकाळी मागितलं. पोळी लाटता लाटता, वर न बघता म्हटलं, मॅडम, अठ्ठेचाळीसमधली चिमूटभर पावडर द्या, मालकांचा पाय चाललाय. त्यांनी पुढं येऊन गॅस बंद केला.

"शकू, ते औषध नाही."

"उंदरांची साखर उतरली म्हणालात."

"उंदरांची उतरली. माणसाचं काय होईल ते मला माहीत नाही. जे मलाच माहीत नाही ते त्याच्या पोटात कसं घालू?"

मग माझ्या तोंडून गेलं, "स्वतः मात्र रोज घेता."

त्यांना आधी कळलंच नाही. मी फडताळाकडं बघत होते, तिकडं त्यांनी बघितलं. मग ड्रॉवर उघडून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. अक्षरं इंग्रजी होती, पण ते पाकीट मी ओळखलं. तसंच आमच्या घरी ट्रंकेवर पडलेलं होतं. "मोजून डबीत काढून ठेवते, विसरायला होतं म्हणून," त्या म्हणाल्या. "माझी आणि त्याची गोळी एकच आहे, शकू. चल, मला पाय दाखव."

त्या आमच्या खोलीवर पहिल्यांदाच आल्या. मालक बाजेवर पडले होते. म्हणाले, "या म्याडम. उंदरांचं उरकलं असंल तर हमालाकडं बगा आता." मॅडम हसल्या नाहीत. खाली उकिडव्या बसल्या, पाय बघितला, नाकाला पदर न लावता बघितला. दुखतंय का विचारलं. मालक म्हणाले, न्हाय की, कायबी दुखत न्हाय, म्हंजे बरंच हाय. मॅडमचा चेहरा उतरला. दुखत नाही हेच वाईट आहे, साखरेनं नसा मेल्यात, म्हणाल्या. आम्हाला गाडीत घातलं आणि सरकारी दवाखान्यात आमच्याबरोबर रांगेत बसून राहिल्या. दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला.

पण मालकांच्या मनातून ते गेलं नाही. भेटायला येईल त्याला सांगायचे, औषध कपाटात हुतं, बाईनं दिलं न्हाय, माजी बोटं गेली. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात कुठंतरी गाठ बसली होती. पाकीट मी डोळ्यांनी बघितलं होतं, तरी वाटायचं, चिमूटभर दिली असती तर काय बिघडलं असतं? मी काम करत राहिले, पण बोलणं आटलं. मॅडमना ते कळत होतं. त्या समजूत घालायला आल्या नाहीत. ताट वाढलं की "बस ना तूही" म्हणायच्या आणि मी नंतर जेवते म्हणायची.

असंच बरंच चाललं. मग एका संध्याकाळी मी भांडी घासायला गेले तर स्वयंपाकघरात दिवा नव्हता आणि मॅडम ओट्याला टेकून उभ्या होत्या. अंगावर बाहेरचीच साडी, अंघोळही केली नव्हती. मी दिवा लावला. त्या म्हणाल्या, "अठ्ठेचाळीस गेला." मला वाटलं पावडर संपली, की सांडली. मग त्यांनी सांगितलं. उंदरांना जास्त दिवस देऊन बघितलं होतं. साखर शेवटपर्यंत छान राहिली, पण आतून यकृत सडलं. सगळ्यांचंच... हे सांगताना त्यांनी मालकांचं नाव काढलं नाही. "बघितलंस?" असंही म्हणाल्या नाहीत. तसं म्हणायला त्यांच्याइतका हक्क कुणाला होता? मी पिठलं केलं, भात टाकला, आणि त्या दिवशी त्यांच्यासमोर बसून जेवले.

घरी येऊन मालकांना सांगितलं. त्यांनी पायाकडं बघितलं. मग म्हणाले, "दोन बोटांवर भागलं म्हणायचं." त्यानंतर त्यांनी कुणापाशी मॅडमची तक्रार केली नाही. कौतुकही केलं नाही, तो त्यांचा स्वभाव नाही. फक्त गुळाच्या बाजारात दुसऱ्या एका हमालाच्या पायाला जखम झाली, तेव्हा त्याच्या बखोटीला धरून त्याला दवाखान्यात घेऊन गेले.

मॅडमनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नंबर वाढत गेले. रेश्मा आणि बाकीची मुलं-मुली घरी यायची, जेवायची, वाद घालायची. पण मॅडमचं स्वतःचं शरीर थकत चाललं होतं. इतक्या वर्षांची साखर, ती किडन्यांवर आली. आठवड्यातून दोनदा रक्त धुऊन घ्यायला जायच्या आणि तिथून सरळ प्रयोगशाळेत. शेवटी दवाखान्यातच राहावं लागलं. मी बिनमिठाचा डबा घेऊन जायची. शेवटच्या भेटीत रेश्मा सांगत होती की एक नवा नंबर चांगला चाललाय, यकृताला काही नाही, पण अजून बरंच तपासायचं आहे. रेश्मा गेल्यावर मी मॅडमचा हात धरला. मी हातबित धरणारी नव्हे. म्हटलं, आता तरी तो घ्या की मॅडम. आता कसली वाट बघायची?

त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या, "घेतला आणि बरी झाले तर लोक माझं बघून तोच घ्यायला लागतील, तपासणार नाहीत. आणि गेले तर पोरी घाबरून तो टाकून देतील. दोन्हीकडून त्या नंबरचं नुकसान." थोडं थांबून म्हणाल्या, "भातात मीठ चुकून पडलंय बघ आज. छान लागला." चुकून पडलं नव्हतं. मी घातलं होतं, नखाएवढं. त्यांनाही ते ठाऊक होतं.

घर आता बंद आहे. भाऊ येऊन सामान घेऊन गेले. रेश्मा सांगते, नव्या नंबरचं काम चालू आहे, वर्षं लागतील, कदाचित तोही जाईल. आमच्या घरी मात्र मॅडमनी लावलेला एक नेम चालू आहे. संध्याकाळी मालक पायरीवर बसतात, पाय माझ्या मांडीवर देतात आणि मी उरलेली बोटं एकेक करून फाकवून बघते, तळव्याला आरसा धरून बघते. सकाळी कामावर गेले की मॅडमचा पहिला प्रश्न असायचा, पाय कसा आहे, आणि खरं उत्तर द्यावं लागायचं, बघितला नाही म्हटलं तर घरी पाठवायच्या. काल मी आरसा बाजूला ठेवला आणि म्हटलं, कुठं काही नाही, स्वच्छ आहे. मालक तंबाखू मळत होते. मळता मळता म्हणाले, "मग उद्या सांग बाईस्नी."

त्यांचा हात थांबला. पाय मांडीवरच होता, मी तो पुन्हा पहिल्या बोटापासून बघायला लागले.