शेवट सांगणारे घरमालक

पुस्तकाचा शेवट आमच्या घरमालकांच्या हाती लागला, की अख्ख्या मुठा खोऱ्यात त्याला कुणी वाली उरत नाही. एरवी माणूस सज्जन. भाताची खाचरं आहेत, रस्त्याकडेला बांधलेल्या खोल्या भाड्याने दिल्या आहेत, त्यांतल्या दोन आमच्याकडे. निवृत्तीनंतर आम्ही नवराबायको इथे आलो, तेव्हा खोकी उतरवता उतरवताच त्यांनी एक जाडजूड कादंबरी उचलली, उभ्याउभ्या शेवटचं पान वाचलं आणि टेम्पोवाल्याला सांगितलं, "मरतीय रं ही." ती कादंबरी मी अजून वाचू शकलेलो नाही.

त्यांची वाचायची रीतच तशी. आधी शेवट, मग सुरुवात. "पाणी हाय का बघितल्याबिगर आपण मोटर बसवीत न्हाई," हे त्यावरचं स्पष्टीकरण. कादंबरी कसलीही असो, ह्यांचा जीव जमिनीत. नायक मनःशांतीसाठी घर सोडून निघाला, की हे अस्वस्थ. "चुलता गिळणार बघा सगळं! सात-बाऱ्यावर नाव तरी लावून जायचं येड्यानं." विरहाच्या प्रकरणात मी गहिवरलेला असताना त्यांनी विचारलं होतं, "पर हिच्या बापाचं रान किती, ते कुटंच कसं दिलं न्हाई?" पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी धरते म्हणून ते ती चुलीच्या उबेला ठेवतात, तेही न विचारता. माझ्याकडचे सगळे कवी आता धुराचा वास मारतात.

माझी बायको शिक्षिका होती, म्हणून गावाचीही बाईच. मळणी उरकली, की मालकांच्या ओसरीवर जमून प्रत्येकाने वर्षभरात वाचलेलं आवडतं पुस्तक सांगायचं, ही प्रथा तिची. नियम एकच, शेवट सांगायचा नाही. मालकांनी तो एकदाही पाळला नाही. "शेवट न सांगता उठू? म्हंजी निम्मं भात कापून घरी येऊ व्हय?" मी चिडलो, की मालकीणबाई चहा पुढे करत म्हणायच्या, "बोलू द्या सर, न्हाईतर घरात मला सांगत बसत्यात." बायको मात्र हसून कानांवर हात ठेवायची.

ती श्रावणात गेली. तिची एक कादंबरी वाचायची अर्धी राहिली. ती थांबली त्या पानात तिने घातलेलं एसटीचं तिकीट मी हलवलेलं नाही. जो शेवट तिला कळला नाही, तो मलाही कळू नये, एवढंच मी ठरवलं होतं.

यंदा मी जमायला जाणार नव्हतो. पण मालक दारात उभे राहिले आणि "सर, च्या निवतोय," एवढं एकच इतक्या वेळा म्हणाले, की कंटाळून उठलो. शेजारच्या भाडेकरूंचं सांगून झालं. मग मालकांनी घसा खाकरला आणि नाव घेतलं ते नेमकं तिच्या त्या कादंबरीचं.

"अहो, शेवट सांगू नका," मी जवळजवळ ओरडलोच. "तिला ठाऊक नव्हता. मलाही नको."

मालक गोंधळले. "बाईंना ठावं हाय की. तुमी पौडला औषधं आणाया गेलता, तवा त्यांनीच इचारलं. म्हनल्या, डोळं दमत्यात आता, सांगून टाका. मग सांगितलं सगळं."

मला संताप आला. इतकी वर्षं कानांवर हात ठेवणाऱ्या बाईने नियम मोडावा, तोही ह्या माणसापाशी! "मग मला का नाही बोलली?"

"मलाच म्हनल्या, सरांना सांगू नका. त्यांना सवडीनं वाचायची असंल."

मालकीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मालक खाली बघत राहिले आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी परवानगी मागितली.

"सांगू का, सर?"

"सांगा," मी म्हणालो. "ती कुठे कुठे हसली, तेही सांगा."

त्यांनी सुरुवात अर्थातच नायकाच्या जमिनीपासून केली. मग बांधाचं भांडण आलं, मग चुलता आला. मध्येच थांबून ते म्हणायचे, "बाई हितं हसल्या," आणि पुढे निघायचे. ती ती जागा मी मनात नीट ठेवून घेत होतो. शेवट जवळ येऊ लागला, तसं मला वाटायला लागलं, की ह्या माणसाने आज अजून जरा पाल्हाळ लावावं.